धुक्यातला अर्धा हुकूम

मिलफर्डच्या खाडीत मेरेरिड बेननइतकं झटपट उत्तर देणारं दुसरं कुणी नव्हतं. पायलटाच्या तोंडून हुकूम सुटायचा अवकाश, की तो तिच्या तोंडून परत गेलाच. मुरलेली नटी समोरच्याच्या वाक्याचं शेपूट अजून हवेत असतानाच आपलं वाक्य उचलते ना, तसं. बंदरावर तिचा केवढा रुबाब होता त्यावरून! आणि तिला तो आवडायचा, का नाही आवडणार?

ती टगबोटीची कप्तान. थंड करून करून पाण्यासारखा पातळ केलेला गॅस पोटात घेऊन चार घुमटांची अजस्र जहाजं समुद्रातून आत शिरली, की त्यांच्या शेपटीला मेरेरिडच्या टगचा दोर अडकवलेला असायचा. एवढा मोठा देह वळायचा तर नुसत्या सुकाणूवर भागत नाही. मागून कुणीतरी ओढून त्याची शेपूट फिरवावी लागते. जहाजावर चढलेला बंदराचा पायलट रेडिओवरून हुकूम सोडतो आणि टगनं तो शब्दन् शब्द परत म्हणायचा. बायबल एक वेळ विसरलं तर चालेल, हे विसरायचं नाही.

हे तिला शिकवलं इद्वल प्रोसर नावाच्या म्हाताऱ्या पायलटानं. दोघं परगण्याच्या उत्तरेकडले, एकाच गावचे. दक्षिणेकडच्या या खाडीवर सगळा कारभार इंग्रजीत, नियमच तसा. पण इद्वल घाईत असला की गावची वेल्श भाषा तोंडात यायची, आणि मेरेरिडलाही ती ऐकून बरं वाटायचं. "पोरी, हुकूम म्हणजे शिरा नव्हे, चाटून खायला," तो म्हणायचा. "तोंडात पडला की गिळ."

आणि एका वसंतात, खाडीच्या मुखातलं मोठं वळण घेताना, तो एकच शब्द बोलला. "दाल."

दाल म्हणजे धर, थांब. मेरेरिडनं त्याच क्षणी बटण दाबून "दाल" म्हटलं आणि ओढणं थांबवलं. जहाज वळायचं ते सरळ गेलं, वाट दाखवणारा एक पिवळा तरंगता बोया पोटाखाली चिरडला आणि उथळ वाळूपासून थोडक्यात बचावलं. गॅसला धक्का लागला नाही. पण चौकशी बसली. इद्वल म्हणाला, मी "दाल अती" म्हटलं होतं. दाल अती म्हणजे नेमकं उलटं: चालू ठेव, सोडू नकोस. मेरेरिड म्हणाली, "अती" मी ऐकलंच नाही, तो बोललाच नाही. बंदराच्या टॉवरमधल्या ध्वनिफितीत दोघांचे आवाज एकमेकांवर चढून नुसती खरखर उरली होती. नियम मोडून वेल्श बोलला होता इद्वल. पायलटकी गेली त्याची. त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही, आणि मागल्या शरदात न बोलताच गेला. अंत्यविधीला चर्चमध्ये ती शेवटच्या बाकावर बसली होती. त्याची बायको लुनेड तिच्याकडे न पाहता बाजूनं निघून गेली.

त्यानंतरचं पहिलं धुकं पडलं तेव्हा रेडिओत इद्वल बोलला.

"दाल."

तोच आवाज, पाइपच्या धुरानं खरबरीत झालेला. विंगेतून कुणीतरी हळूच शब्द पुरवावा इतका जवळ. मेरेरिडचा हात आपणहून बटणावर गेला आणि तिनं ते दाबून धरलं, एक अक्षर न बोलता. कारण रेडिओचं हे असं असतं: बटण दाबून आपण बोलायला लागलो की आपला कान बंद होतो. पुढचं काही ऐकू येत नाही. तेच तिला हवं होतं.

पुढच्या धुक्यात पुन्हा. त्याच्या पुढच्यातही. तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? मेलेल्या माणसाचे हुकूम ऐकणाऱ्या बाईला कोण टगवर ठेवेल? बोट गेली की तिच्याकडे उरत काय होतं? नवरा नाही, पोर नाही, एक भाड्याचं घर आणि गॅलरीतल्या तीन कुंड्या.

मग फेब्रुवारीतल्या त्या दुपारी चार घुमटांचं एक जहाज मुखातून आत आलं. धुक्यात असलं जहाज आत घेतच नाहीत. पण हे आत शिरलं तेव्हा ऊन होतं, आणि मागे फिरायची जागा संपल्यावर धुकं उतरलं. असं उतरलं, जणू कुणी पडद्याची दोरीच सोडली. मेरेरिडला आपल्याच टगचं नाक दिसेना. जहाजाकडे जाणारा दोर हातभर दिसायचा आणि पुढे पांढऱ्यात विरघळायचा. तो ताणलेला होता, म्हणून पलीकडे काहीतरी आहे म्हणायचं.

जहाजावर टॉलिव्हर नावाचा तरुण पायलट होता. पुढच्या टगवर पॅस्को, कॉर्नवॉलचा गलेलठ्ठ माणूस, बोलण्यात गोगलगाय. हुकूम ऐकून, आवंढा गिळून, मग परत म्हणणार. सगळे त्याची टिंगल करत.

"मागची टग, डावीकडे ओढा. निम्मा जोर," टॉलिव्हर म्हणाला.

"मागची टग, डावीकडे, निम्मा जोर," मेरेरिडचं उत्तर गेलं. इंजिन घुमलं, दोर कण्हला. तेच मोठं वळण होतं.

मग रेडिओ गप्प झाला. पाणी आपटण्याचा आवाजसुद्धा धुक्यानं खाल्ला होता. गार हवेला पाइपच्या तंबाखूचा वास आला. टगवर कुणी तंबाखू ओढत नव्हतं.

"दाल..."

तिचा हात बटणाकडे निघाला आणि वाटेतच थबकला. आत्ता बटण दाबून धरलं तर रेडिओची वाटच अडेल आणि तो पोरगा टॉलिव्हर काय सांगतोय ते कुणालाच कळणार नाही. एवढा गॅस, एवढं जहाज, आणि सगळ्यांचे कान तिनं बंद केलेले. तिनं हात मांडीखाली घेतला आणि त्यावर बसली. शाळेतली पोर बसते तशी.

"...अती," इद्वल म्हणाला.

 मेरेरिडनं ते परत म्हटलं नाही. म्हटलं असतं तर खाडीभर ऐकू गेलं असतं.

पण कुणीतरी म्हटलं. धुक्याच्या पार पलीकडून, आवंढा गिळून, एकेक अक्षर मोजून: "पुढची टग. दाल... अती."

पॅस्कोला वेल्शचा एक शब्द येत नव्हता.

"पुढची टग, हे काय?" टॉलिव्हरचा आवाज चिरकला.

"हुकूम परत म्हटला, साहेब."

"मी हुकूम दिलाच नाही! कुणाचा हुकूम?"

टॉलिव्हरनं उत्तराची वाट पाहिली नाही. 

"मागची टग, तुम्ही काही ऐकलंत?"

आता "नाही" म्हणायला किती सोपं होतं. बोट राहिली असती. पॅस्को येडा ठरला असता, तो तसाही निम्मा येडा ठरलेलाच होता. मेरेरिडनं बटण दाबलं.

"ऐकलं. दाल अती. चालू ठेव, असा अर्थ. मी ओढतेय, डावीकडे, निम्मा जोर."

 मग टॉलिव्हर म्हणाला, "बरोबर आहे. तेच हवंय. सोडू नका."

तिनं सोडलं नाही. जहाजाची शेपूट धुक्यात कुठेतरी हळूहळू फिरली. धक्क्याला लागलं तेव्हा धुकं विरलं होतं. गॅस उतरवून घेणारे पोलादी नळ्यांचे हात जहाजाला जोडले गेले, आणि आतल्या गॅसच्या थंडीनं आकसताना ते कण्हू लागले. कितीही वेळा ऐकलं तरी तो आवाज माणसाचाच वाटतो. थोड्याच वेळात त्यांच्यावर पांढरं बर्फ चढलं.

पॅस्को टगच्या कठड्यावर बसून मांसाची करंजी खात होता.

"काय रे, आवाज ओळखलास?" तिनं विचारलं.

"मला काय ठाऊक, राणी? तुमच्यातलाच कुणी म्हातारा वाटला. कानात येईल ते मी तोंडातून काढतो. मागेही हेच ऐकलेलं मी."

"मागे कधी?"

"बोया चिरडला तेव्हा. पुढच्या टगवर मीच होतो, मला स्पष्ट आलं. दाल अती, दाल अती. दोनदा."

"मग चौकशीत बोलला का नाहीस?"

"मला कुणी विचारलं? म्हणाले, पॅस्कोला वेल्श येत नाही, त्याला काय विचारायचं." त्यानं बोटं चाटली. "तू ऐकशील कशी? तू आधीच बटण दाबलेलंस. तू माणसाचं वाक्य मध्येच तोडतेस, राणी. सगळ्यांचंच. मला वाटलं तुला माहीत असेल."

बंदरप्रमुख स्कोनबाईंपुढे तिनं सगळं सांगितलं. आवाज, आधीची धुकी, पॅस्को, बटण. काहीच राखून ठेवलं नाही. तिनं टगची किल्ली आधीच टेबलावर काढून ठेवली होती.

स्कोनबाईंनी किल्लीकडे पाहिलं. "आवाज ऐकणारीला टगवरून काढायचं तर पॅस्कोलाही काढावं लागेल," त्या म्हणाल्या. "आणि उद्या सकाळचं जहाज कोण आणणार? मी? मला बोटीत ओकारी होते."

"पण बाई, मी आवाज ऐकते..."

"ऐकतेस म्हणून तर ठेवतेय. न ऐकता बोलायचीस ती पंचाईत होती." त्यांनी किल्ली बोटानं परत ढकलली. "प्रोसरचं नाव मी स्वच्छ करते. पण त्याच्या बायकोला तू सांगायचंस. माझ्याकडून पत्र गेलेलं चालणार नाही."

म्हणून रविवारी मेरेरिड उत्तरेला, गावी गेली. लुनेडनं दार उघडलं आणि आत वळली. ती लोखंडी तव्यावर मनुका घातलेल्या गोड चकत्या भाजत होती. मेरेरिड स्वैपाकघरात उभी राहून बोलली. तो "अती" म्हणाला होता, दोनदा. चूक माझी, माझ्या घाईची. आता बंदराच्या कागदावरही तसं येईल.

लुनेडनं एक चकती उलटली.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "सारखं सांगतो ना तो."

"कोण?"

"कोण म्हणजे? धुकं उतरलं की येतो. त्या खुर्चीत बसतो आणि तेच तेच. मी म्हटलं होतं लुनेड, दोनदा म्हटलं होतं. कान किटले बाई माझे." ती हसली. मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "परवा दुपारी मात्र आला नाही. इकडेही धुकं होतं, मी चहा टाकला, आला नाही. मला वाटलं, उशीर झाला असेल."

"लुनेडमावशी, त्या दुपारी रेडिओवर तो..."

"तुला सांगायला गेला होता तर." पदराला पुसावेत तसे तिनं हात एप्रनला पुसले. "आणि तू ऐकून घेतलंस. आता कशाला येईल तो?"

तव्यावरून जळका वास यायला लागला. लुनेड तिकडे न बघता दाराशी गेली आणि ते उघडून उभी राहिली. डोंगराच्या कण्यापर्यंत सगळं लख्ख दिसत होतं.

"आणखी थोडे दिवस नसतंस ऐकलं," ती बाहेर बघत म्हणाली, "तर काय बिघडलं असतं गं?"