यशोदाबाईंचे पूर्ण सात दिवस

दादरला आमच्या गल्लीतल्या महिला मंडळाच्या आम्ही तेवीस सभासद होतो आणि यशोदाबाई नवलकर चिटणीस. नवरा म्युनिसिपालिटीत हेडक्लार्क होता. तो गेल्यापासून दोन खोल्यांत त्या एकट्याच.

सभेची सूचना पूर्ण सात दिवस आधी द्यायची, दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस त्यात धरायचा नाही, असा नियम होता. यशोदाबाई स्वतः घरोघर जात, विषय मोठ्यानं वाचत आणि वहीवर समोर सही घेत. कुणी म्हणालं, "ठेवून जा ना, सही करून पाठवते," तर म्हणत, "मग तुम्हाला कळलं हे मला कसं कळणार?" आणि बसत. चहा होई, मुलांच्या परीक्षांच्या गोष्टी निघत. फेरीला तीन दिवस लागत. एरवी त्या कुणाकडे जात नसत.

छप्पनच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात गोळीबार झाला, संचारबंदी लागली. माझा मुलगा माधव मोर्चात जाई. तो परतेपर्यंत मी खिडकी सोडत नसे. जखमींच्या घरी डबे पोचवायचे होते, त्यासाठी सभा हवी होती. यशोदाबाई म्हणाल्या, "पुढच्या बुधवारी."

मंडळातली मीनाक्षी कर्णिक भडकली. "तोवर काय, सह्या करत बसू?"

डबे आम्ही सभेवाचूनच पाठवले. मग मीनाक्षीनं ठराव दिला: यापुढे सूचना मंडळाच्या दाराशी फळ्यावर लिहावी, एक दिवस पुरे.

या ठरावाचीही सूचना घेऊन यशोदाबाईच दारोदार फिरल्या. माझ्याकडे तो विषय त्यांनी बाकीच्या विषयांच्याच आवाजात वाचला.

"तुम्हाला पटतं हे?" मी विचारलं.

"चिटणिसानं मत सांगायचं नसतं. इथे सही करा."

सभेत अध्यक्षा कमलाबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "सूचना सगळ्यांना पोचली?"

"एका सभासदाला नाही," यशोदाबाई म्हणाल्या.

"कुणाला?"

"मला."

हशा पिकला. "अहो, तुम्हीच तर वाटलीत!" मीनाक्षी म्हणाली.

"वाटली. माझ्या दारी कुणी आलं नाही."

हसणं थांबलं. कमलाबाईंनी चष्मा पुसला आणि निर्णय दिला की काढणाऱ्याला सूचना मिळालीच असं धरायचं. मग ठरावाच्या बाजूनं हात वर झाले. मीही केला. गोळीबार झाला तर बायका दुसऱ्याच दिवशी जमायला हव्यात, एवढंच तेव्हा मला सुचत होतं. यशोदाबाईंनी कुठल्याच बाजूला हात केला नाही. बावीस मतं त्यांनी इतिवृत्तात लिहिली.

पुढच्या महिन्यात फळ्यावर त्यांचं वळणदार अक्षर दिसलं. त्या शेजारीच उभ्या होत्या. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकीला विचारत होत्या, "वाचलंत ना?"

माझ्या हातात भाजी होती. "वाचलं," म्हणाले आणि जिना चढले. वर येऊन खिडकीतून पाहिलं, तर त्या अजून तिथेच होत्या.