पहिला येईल तो उद्घाटक

छापून आलेल्या बातम्यांची कात्रणं राहतात, न छापलेल्यांचे किस्से साचतात. माझ्याकडचे निम्मे किस्से अंबडच्या एकाच कलादालनाचे आहेत. ऐकणारे हसतात. मला हल्ली हसू येत नाही.

*

नव्वदच्या आसपास चित्रकला शिक्षकांच्या संघटनेचं प्रदर्शन होतं. प्रमुख पाहुणे चार तास उशिरा आले, हार घेतला आणि एकही चित्र न बघता गेले. काशिनाथ सरांनी आपली चित्रं भिंतीवरून उतरवली आणि बाहेर पडले. मागोमाग दुकानांच्या पाट्या रंगवणारे रशीद पेंटर, आणखी तिघं. पाचांनी मिळून कोर्टासमोरचं कापसाचं जुनं गोदाम भाड्यानं घेतलं, तिथंच कलादालन काढलं. नियम एकच: प्रमुख पाहुणा नाही. दार उघडल्यावर जो पहिला आत येईल तो उद्घाटक. त्यानं दिवा लावायचा, सगळी चित्रं बघायची, वहीत अभिप्राय लिहून सही करायची.

*

पहिला उद्घाटक अंतरवालीचा शेतकरी. कोर्टात तारखेला आला होता, सावली बघून आत शिरला. दिवा लावला, चित्रं बघितली. वही पुढं आली तसा मागं सरकला.

"सही न्हाई करणार, सर. वकिलाला इचारून येतो."

वकिलाला घेऊनच आला. वकिलानं वही चाळली. "कर सही. यात जमीन जात न्हाई."

*

रशीदभाईंनी कापूस वेचणारी बाई काढली होती. एक मावशी तिच्यासमोर बराच वेळ उभ्या. सर खूश.

"आवडलं का, मावशी?"

"ताठ उभी राहून वेचून राह्यली ही. हिला दुसऱ्या दिवशी कामाला कोण बोलवंल?"

दुपारी रशीदभाईंनी ब्रश घेऊन चित्रातली बाई वाकवली.

*

मी दर वर्षी पेपरला बातमी पाठवायचो. डेस्कवरून फोन यायचा, "पुढारी कोण होतं?"

"कोणीच न्हाई."

"मंग बातमी कशाची?"

एका वर्षी चोरी झाली. चोरानं फ्रेमा नेल्या, चित्रं नीट रचून ठेवली. तेव्हा मात्र तीन कॉलम बातमी आली, चोराची.

*

छत गळत होतं. एका पुढाऱ्यानं निरोप धाडला, "पत्रे बदलून देतो, उद्घाटन माझ्या हातून."

सर म्हणाले, "बिलकुल. दहाला सगळ्यांच्या आधी या."

साहेब बाराला आले. तोवर केळीवाल्या आजींनी दिवा लावला होता. जीप तशीच वळली. छत गळत राहिलं.

*

मालकाच्या मुलांना गोदाम पाडून दुकानं काढायची होती. दावा समोरच्याच कोर्टात चालला. सर हरले. ताबा द्यायच्या दिवशीच त्यांनी प्रदर्शन लावलं, फक्त रशीदभाईंच्या चित्रांचं. रशीदभाई आदल्या वर्षी गेले होते.

दहाला दार उघडलं. पहिला आत आला तो कोर्टाचा बेलीफ, हातात कुलूप.

सरांनी काडेपेटी पुढं केली. "या. आज तुम्ही."

"सर, मी ताबा घ्यायला आलो."

"घ्या की. आधी दिवा."

त्यानं कुलूप टेबलावर ठेवलं, चपला काढल्या, दिवा लावला. एकेका चित्रापुढं थांबत गेला. वाकलेल्या बाईपाशी जास्तच थांबला. मग वही ओढून सरकारी अक्षरात लिहिलं:

'सर्व चित्रे समक्ष पाहिली. बाई फार थकलेली आहे. ताबा घेतला.'

खाली सही.