मामाने कापलेला पट्टा

माझा पुढचा दात मामाने पाडला, आणि मामाची नोकरी मी घालवली.

मामा कारखान्यात लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर; मीही तिथेच कामाला. सगळे त्याला आडमुठा म्हणत, पाठीमागे मीसुद्धा. आमच्या मशीन शॉपच्या दारात एक खिळा होता. आत जाताना घड्याळ, अंगठी, कडं, सगळं त्यावर अडकवायचं. मामाची अंगठी तिथे वीस वर्षं लटकत होती. ती घालायचं बोटच लेथच्या चकने, नग पकडून फिरवणाऱ्या जबड्याने, उपटून नेलं होतं.

मग कंपनीने मनगटावरचे छोटे कॉम्प्युटर वाटले. नगांची मोजणी, ड्रॉइंग, वर गाणीही! आम्ही पोरं हुरळलो. मामाने खोकंही उघडलं नाही. ती यंत्रं आणणारा साहेब फॉर्म घेऊन आला: 'का वापरत नाही?'

"चकजवळ पट्टा नको," मामा म्हणाला.

"ओढ बसली की पट्टा आपोआप सुटतो हो," असं म्हणत साहेबाने 'भीती'च्या चौकटीत खूण केली. मी फिदीफिदी हसलो.

दुसऱ्या सकाळी मी फिरत्या नगावर पॉलिश पेपर धरून उभा होतो, यंत्र मनगटावर. मामाने आधी मशीन बंद केलं, मग ठोसा हाणला. दात आणि रक्त तेलाच्या ट्रेमध्ये. माझा हात टेबलावर दाबून त्याने हॅकसॉच्या पात्याने पट्टा कापला. सोबत कातडीही कापली. मी बोंबललो, त्याला नाही नाही त्या शिव्या घातल्या.

साहेब धावत आला. मामाने त्याची कॉलर धरून त्याला लेथपाशी फरफटत नेलं आणि मशीन सुरू केलं. साहेबाच्या मनगटावरही तेच यंत्र होतं.

"सुटतो ना आपोआप? करा हात पुढे."

साहेबाने हात पाठीमागे लपवला.

"भीती वाटते? वाटायलाच पाहिजे. लिहा आता फॉर्मात."

पहारेकऱ्यांनी मामाला लाथाबुक्क्यांनी तुडवलं. मी तोंड दाबून बघत होतो, आणि मला बरं वाटत होतं. आज त्याची लाज वाटते.

तासाभरात तक्रारीचा कागद आला: 'नातेवाइकाने विनाकारण मारहाण केली.' रागाच्या भरात मी तो धड वाचलाही नाही. मामा त्याच दिवशी घरी गेला. आता आमची सगळी यंत्रं खिळ्यावर लटकतात, त्याच्या अंगठीशेजारी.

आई माझ्याशी दोन वर्षं बोलली नाही. एकदाच विचारलं तिने, "सही कुठल्या हाताने केलीस रे?"