गादीच्या गाठी

अमडापुरात एका पिंजाऱ्याने मला फसवलं. मला! बाजारात भल्याभल्यांना मी घाम फोडतो.

त्या साली आमची बीटी कपाशी बोंडअळीने खाल्ली. लेकीचं लग्न ठरलेलं, तिला गादी द्यायची आणि घरात कापूस नाही. बायकोने माळ्यावरच्या दोन जुन्या गाद्या अंगणात ओढल्या आणि खांद्यावर पिंजण घेऊन चाललेल्या म्हाताऱ्याला हाक मारली.

"दगड झाला हा कापूस," मी म्हणालो.

त्याने मूठभर कापूस गालाला लावला. "कापूस म्हातारा नाही होत भाऊ, फक्त दबते. मोकळा केला का पुन्हा जवान!"

मी मजुरी अर्ध्यावर आणली. तो लगेच कबूल झाला, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. "पण मंग गाठी तुमीच सोडा."

दिवसभर मी गाठी सोडल्या. तो तार छेडायचा, चहा प्यायचा आणि म्हणायचा, "वा भाऊ, हात बसला तुमचा!" संध्याकाळी माझ्या मिशा पांढऱ्याफेक. दोन गाद्यांतून दोन गाद्या निघाल्याच, वर तीन उशा! मी लेकीच्या आधी तिच्या गादीवर लोळलो, पोरासारखा.

बायको हसली. "तुमाले तं जमते! आता दरसाली घरीच करत जाऊ."

तेव्हापासून शेजारणींच्या गाद्याही गाठी सोडायला माझ्याच अंगणात येतात. तो पिंजारी धामणगाव बढे गावाकडे गेला म्हणे. असेल तिथून त्याने यावं आणि या बायांसमोर सांगावं: हे काम कोणाचं?