फिरत्या संग्रहालयाची संयुक्त पाहणी

मी सरकारी ऑडिटमध्ये आहे हे कळलं की दिल्लीतली माणसं खुर्ची जरा मागे सरकवतात. म्हणून लग्नाकार्यात कुणी विचारलं तर मी "अकाउंट्समध्ये" असं मोघम सांगते. काम तसं साधं आहे. दुसऱ्या खात्यांनी सरकारी पैसा कुठे आणि कसा घातला ते जाऊन बघायचं, आणि नाही पटलं तर तसं कागदावर लिहायचं. आमच्याकडे वाहतूक, संस्कृती आणि प्रसिद्धी अशी तीन खाती होती. तिन्ही खात्यांना मी आवडत नसे, आणि खरं सांगू का, मला त्याची मजा यायची.

ही खोड वडिलोपार्जित. बाबाही ऑडिटमधूनच रिटायर झाले. ज्यांची तपासणी करायची त्यांच्या चहाचा घोट घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. घरचा चहा स्टीलच्या थर्मासमध्ये घालून ते तपासणीला जायचे, आणि समोरचा साहेब बिस्किटांची बशी पुढे करत राहायचा तेव्हा शांतपणे स्वतःच्या झाकणातून प्यायचे. मी नोकरीला लागले त्या दिवशी त्यांनी घरात नियम केला की ऑफिसचा विषय उंबऱ्याबाहेर.

आई गेली आणि मी बाबांना पुण्याहून दिल्लीत द्वारकेला आमच्या सोसायटीत घेऊन आले. ते आले, आणि मुके झाले. पुण्यात कोपऱ्यावरच्या वाण्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांना फैलावर घेणारा माणूस इथे गॅलरीत बसून विमानं बघायचा. नवरा नोएडाला आयटीत, म्हणजे घरात त्याचे कपडेच जास्त दिसतात. मी अंधार पडल्यावर येणार. मुलगी म्हणायची, "आजोबा, तुम्ही बिल्कुल बोलतच नाही यार." ते नुसते हसायचे. दिवसभरातून त्यांचं एकच वाक्य यायचं, रात्रीच्या जेवणात. "आमटीत मीठ कमी आहे."

मीठ कमी नसायचं हो! मी दहादा चाखून बघायची. पण माणसाला बोलायला काहीतरी विषय हवा ना, म्हणून मी गप्प बसायची आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडायची. दिवाळीनंतर ते एकदा म्हणाले, "थंडी संपली की मला पुण्याला सोडून ये." बंद घरात, एकटे! मी "बघू" म्हटलं आणि विषय टाळला.

मग अचानक बाबा दुपारचे बाहेर जायला लागले. थर्मास घेऊन. विचारलं तर "वाचनालयात." पुण्याचा विषयही निघेनासा झाला. म्हटलं, असू दे, बरं चाललंय ते उकरून काढू नये. आयुष्यभर लोकांचं उकरून काढणाऱ्या बाईने हे म्हणावं, म्हणजे कमालच.

त्याच सुमाराला माझ्या टेबलावर एक फाइल आली. फिरतं संग्रहालय. बस वाहतूक खात्याची, आतले मुखवटे, कठपुतळ्या आणि वाद्यं संस्कृती खात्याची, मोठा पडदा आणि त्यावरचे माहितीपट प्रसिद्धी खात्याचे. बसने वसाहतीवसाहतींतून फिरायचं आणि लोकांना देशाची कला दाखवायची, अशी योजना. तक्रार अशी होती की बस फिरतच नाही. मी संयुक्त पाहणी लावली. संयुक्त पाहणी म्हणजे न कळवता जायचं, फक्त त्या खात्याचा एक अधिकारी बरोबर घ्यायचा, म्हणजे उद्या कुणी "असं नव्हतंच" म्हणायला नको. संस्कृती खात्याचे हे अधिकारी गृहस्थ गाडीत सारखे म्हणत होते, "मैडम, बहुत पब्लिक आती है, बहुत!"

गाडी थांबली ती आमच्या सोसायटीमागच्या पार्काजवळ. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दगड मारला तर बसच्या टपावर पडेल, इतक्या जवळ! आणि मला पत्ता नाही, कारण मी सकाळी मेट्रोला पळणार ती त्या दुसऱ्या गेटने.

बस कडुनिंबाखाली उभी होती. टायर बसलेले. आरशावर मधुमालतीचा वेल चढलेला. पार्काच्या पंपहाउसमधून वायर ओढून आतला पडदा चालवलेला. दारातच मला आवाज ऐकू आला. भयंकर हिंदी.

"ये मुखौटा पहन के आदमी नाचता है ना, तो उसके अंग में आता है! मतलब देव आता है! फिर वो किसीका बाप का नहीं सुनता!"

"हाय रब्बा!" पाच-सहा बायका एकदम म्हणाल्या.

हातात छडी, गळ्यात मफलर, समोर म्हाताऱ्या बायाबाप्यांचा दरबार भरलेला, आणि मधोमध उभे माझे बाबा. खिडकीत आमचा थर्मास. बसवरची गाइड, गाझियाबादहून येणारी एक मुलगी, बाजूला बसून शेंगा सोलत होती. नंतर तिने सांगितलं की एकदा तिचा घसा बसला म्हणून तिने छडी अंकलजींना दिली, ती काही परत मिळाली नाही.

मी तोंड उघडलं, "बा..."

"आप कौन?" बाबांनी करड्या आवाजात विचारलं. "आयकार्ड दिखाइए."

मी पर्समधून कार्ड काढलं. अधिकारी घाईघाईने म्हणाले, "ऑडिट से आई हैं, मैडम हैं." बाबांनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. चष्मा लावला, माझं कार्ड हातात घेतलं, फोटो बघितला, मग मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला. नोकरी लागली तेव्हा मेला तो फोटो काढायला मला पुण्यातल्या आमच्या नेहमीच्या स्टुडिओत तेच घेऊन गेले होते! "ठीक है," म्हणून कार्ड परत दिलं. मला हसू आवरेना, आणि संतापही आवरेना.

आता लाभार्थ्यांना प्रश्न विचारणं भाग होतं, आणि बाकी सगळ्यांनी एकमताने त्यांनाच पुढे केलं.

"आप रोज़ आते हैं?"

"इतवार छोड़के."

"बस यहाँ से हिलती है?"

समोरची एक जाडजूड आंटी बाबांना डोळ्यांनी खुणा करत होती. अधिकारी खोकले. बाबांनी नुसतं "कभी कभी" म्हटलं असतं तरी भागलं असतं. मीही मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा हो, बाबा, एवढं म्हणा.

"मैं आता हूँ तबसे एक इंच नहीं हिली," बाबा म्हणाले.

"भाईसाब!" आंटी कळवळली. मग तिने परिस्थिती सावरायला थर्मास उचलला आणि झाकणात चहा ओतून माझ्यापुढे धरला. आलं मी किसलेलं, दूध मी आणलेलं. वास सुद्धा माझ्या स्वयंपाकघराचा.

"वो नहीं लेंगी," बाबा म्हणाले. "ऑडिट की है."

त्या दिवशी मी उंबऱ्याचा नियम मोडला. जेवायला बसल्या बसल्या विचारलं, "वाचनालय का, बाबा?"

"तिथे पाट्या आहेत. त्या वाचतो."

"बस हलवतील आता. कळतंय का तुम्हाला?"

"हलायलाच पाहिजे. फिरवतो म्हणून पैसे घेतलेत."

"आणि तुम्ही काय करणार?"

बाबांनी भात कालवला. "लिहिताना हात आखडू नकोस," म्हणाले.

"आखडू मतलब?" मुलीने विचारलं. मी तिला पापड वाढला.

थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "आमटीत मीठ कमी आहे." मला त्या क्षणी ते पातेलं उचलून गॅलरीतून खाली फेकावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले आणि सांगितलं की लाभार्थ्यांत माझे वडील आहेत, मला या कामातून काढा. साहेब डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आयकार्डाचा भाग त्यांनी मला दोनदा सांगायला लावला. मग फाइल एका सहकाऱ्याकडे दिली. त्याने जे होतं ते स्वच्छ लिहिलं. मीही तेच लिहिलं असतं, आणि लिहिताना माझा हात आखडला असता.

पुढची बैठक त्यानेच मला वर्णन करून सांगितली. वाहतूक म्हणालं, डिझेल प्रसिद्धीने द्यायचं. प्रसिद्धी म्हणालं, ड्रायव्हर संस्कृतीचा. संस्कृतीने हात जोडले की बसच मुळी वाहतुकीची. तासभर ही टोलवाटोलवी झाली, आणि शेवटी प्रकरण वर जाईल या धास्तीने तिघांनी मिळून हुकूम काढला. सोमवारपासून बस रोज वेगळ्या सेक्टरला जाईल.

शनिवारी बाबांनी कपाटावरची बॅग खाली काढली. "थंडी संपतच आली," म्हणाले. "तिकीट बघून ठेव." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पण रात्रभर तेच डोक्यात फिरत होतं.

सोमवारी मी रजा टाकली. ड्रायव्हरने किल्ली फिरवली, बसने दोन आचके दिले आणि गप्प. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. बॅटरी कधीच मेली होती. मंडळी खुश झाली. आंटी तर म्हणाली, "देखा, इसका भी मन नहीं है." बाबांनी थर्मास कट्ट्यावर ठेवला, मफलर कमरेला बांधला आणि बसच्या मागे जाऊन हात टेकले.

"बाबा, कंबर!" मी ओरडले.

"मॅडम, बाजूला व्हा."

मग काय, एकेक करत सगळेच लागले. गुडघे दुखणारे, बायपास झालेले, सगळे. "ज़ोर लगाओ जी!" जी बस गेली की त्यांची दुपार जाणार होती तीच ते ढकलत होते, आणि सगळ्यांत जोरात माझे बाबा. मला गंमत वाटत होती आणि रडू येत होतं, दोन्ही एकाच वेळी. वेल तुटला, धूर निघाला, बस धडधडत सुरू झाली आणि गेटपाशी जाऊन थांबली.

गाइड दारातून वाकली. "अंकलजी, आइए ना! वो मुखौटेवाला मुझे नहीं आता!" आंटी तोवर आत चढून खिडकीची जागा धरून बसलीसुद्धा.

बाबा जागचे हलले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "लाभार्थ्याने बसमधून हिंडावं असं योजनेत कुठे आहे?"

"हिंडू नये असंही कुठे नाही."

"लेखी दे."

"बाबा!"

"आणि तू तर यातून बाहेर पडलीस. तुझी सही चालायची नाही."

"ऑडिटर म्हणून देतच नाहीये मी," मी म्हटलं. "मुलगी म्हणून देतेय."

बाबा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. आयकार्ड न मागता. "मग चालेल," म्हणाले.

पर्समध्ये केमिस्टचं बिल होतं. त्याच्या पाठीवर लिहिलं, 'वडिलांनी बसमधून जावे. संध्याकाळी घरी यावे. पुण्याचे तिकीट काढलेले नाही व काढणार नाही.' त्यांनी ते दोनदा वाचलं. "तारीख घाल." मी तारीख घातली. कागदाची नीट घडी करून त्यांनी वरच्या खिशात ठेवली, थर्मास उचलला आणि बसमध्ये चढले.

रात्री मी मुद्दाम आमटीत मीठ घातलंच नाही. चिमूटभरसुद्धा नाही. बाबा त्या नव्या सेक्टरबद्दल सांगत होते. तिथे म्हणे एका सरदारजींनी मुखवटा खरंच तोंडावर चढवला आणि मग तो निघेना, गाइड घाबरली, आंटीने खोबरेल तेल मागवलं. सांगता सांगता त्यांनी आमटीच्या दोन वाट्या संपवल्या आणि तिसरीसाठी वाटी पुढे केली. मुलीने पहिला घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "मम्मा, इसमें तो..."

मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला.