बिनक्लचची गाडी

त्या काळात मला कुणी दुसऱ्यानं गाडी चालवलेली सहन होत नसे. चिखलीत माझा दवाखाना होता आणि आठवड्यातले निम्मे दिवस उंद्री, देऊळघाट, साखरखेर्डा अशा गावांना पेशंट पाहायला जावं लागे. महाराष्ट्र नुकताच झाला होता, रस्ते मात्र अजून व्हायचे होते. माझी मोटार मीच हाकायचो, आणि त्यात मला फार सुख वाटायचं. मग एका पावसाळ्यात मोटार जाणार नाही अशा वाटेवर मोटरसायकलनं गेलो, ती घसरली, डाव्या मांडीची नस चिरडली आणि गुडघ्यातला जोर गेला. काठी घेऊन चालता यायचं, पण क्लच दाबता यायचा नाही.

म्हणून ड्रायव्हर ठेवला आणि त्याच्या शेजारी बसून मी चरफडू लागलो. हा गिअर उशिरा बदलतो, चढावर गाडीचा जीव काढतो, खड्डा आधी पाहतो आणि मग नेमका त्यातच घालतो. खरं तर माणूस बरा चालवत होता. पण मला स्वस्थ बसवत नसे. पेशंटच्या घरी पोचेपर्यंत माझं डोकं इतकं तापलेलं असायचं की नाडी त्याची पाहायची की माझी, असा प्रश्न पडावा.

हे सगळं बायको पाहत होती. खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्याकडे जुनी अमेरिकन गाडी होती, आपोआप गिअर पडणारी. तिला क्लच नाही, पायात दोनच पेडल, आणि दोन्ही उजव्या पायानं चालतात. तो ती विकायला काढतोय असं कळल्यावर बायको माझ्या मागेच लागली. मी नाना खोडी काढल्या. ती पेट्रोल पिते, तिचा सुटा भाग मुंबईतसुद्धा मिळायचा नाही, राजूरचा घाट उतरताना गिअरचा आधार नाही. सगळं खरं होतं, पण खरं कारण त्यातलं एकही नव्हतं.

खरं कारण असं, की माझा पाय बरा होणार होता. आधी मी सगळ्यांना दिवाळीपर्यंत असं सांगत होतो. दिवाळी गेल्यावर संक्रांतीपर्यंत म्हणू लागलो. हाच पाय दुसऱ्या कुणाचा असता तर मी त्याला केव्हाच समोर बसवून सांगितलं असतं, की बाबा, यापुढे आशा धरू नको. स्वतःच्या बाबतीत मात्र रोज सकाळी शेडमध्ये जाऊन बंद गाडीत बसायचो आणि क्लच दाबून पाहायचो. पेडल अर्ध्यावर जाई, मग मांडी थरथरू लागे. उद्या थोडं पुढं जाईल, असं म्हणून उतरायचो. आता बिनक्लचची गाडी घेणं म्हणजे या पायाच्या नावानं आंघोळ करून मोकळं होणं. ते माझ्यानं होईना.

शेवटी बायकोनं परस्पर निरोप धाडून ती गाडी आठवडाभर वापरून पाहायला आणवली. पहिल्या दिवशी एकटा चिखलीबाहेर पडलो तेव्हा मला इतका आनंद झाला, की विनाकारण हॉर्न वाजवत गेलो. दुसऱ्या दिवशी चिडचिड सुरू झाली. गाडी आपल्याच मनानं गिअर बदलते, मला विचारतसुद्धा नाही. हाताला काम नाही. पेशंट मी तपासायचा आणि गोळी दुसऱ्यानं द्यायची, तसं काहीतरी. घ्यावी तरी पंचाईत, परत करावी तरी पंचाईत. जेवताना उठून गाडी पाहून यायचो, मग शेडमधली जुनी पाहायचो. बायको म्हणाली, एकदा जेवून घ्या, दोन्ही गाड्या कुठं पळून जात नाहीत.

त्या आठवड्यात साखरखेर्ड्याला गेलो तो बाजाराचा दिवस होता. पेशंट पाहून निघालो, सेल्फ मारला, तर नुसतं टक् असं वाजलं. बॅटरी उतरली होती. आमच्याकडे गाडी बंद पडली की धक्का द्यायला कुणाला बोलवावं लागत नाही. भाजी घेणारा हातातली पिशवी खाली ठेवतो, विकणारा तागडी ठेवतो, आणि गाडी कुणाची हे न पाहता दहा-वीस माणसं मागं लागतात. वेग आला की आतल्यानं क्लच सोडायचा, आणि सुरू झाली की ढकलणाऱ्यांनी काय, गाडीवाल्यानं काय, मागं वळून न पाहता निघून जायचं, हीच रीत. ही गाडी धक्क्यानं सुरू होत नाही, असं मी खिडकीतून ओरडत होतो. ऐकतो कोण? त्यांनी मला अख्ख्या बाजारातून पार गावाबाहेरच्या निंबापर्यंत ढकलत नेलं. मी आत स्टिअरिंग धरून नवरदेवासारखा बसलेलो आणि रागानं नुसता धुमसत होतो.

सगळे घामाघूम झाल्यावर बांगड्या विकणारे एक म्हातारे चाचा खिडकीशी आले. त्यांच्या घरात माझंच औषध चालायचं.

"डॉक्टरसाहेब, तुमी क्लच सोडूनच नाही राह्यले," ते हळूच म्हणाले, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं. "तुमच्यानं होत नसन तं मी पोराले बसवतो आत."

माझा तोल गेला. "चाचा, या गाडीले क्लचच नाही!"

त्यांनी दार उघडून खाली वाकून पाहिलं. दोन पेडल पाहिले, माझा डावा पाय पाहिला, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"पाय गेला म्हून काढून टाकला काय?"

गाडी कारखान्यातूनच अशी येते, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. अमेरिका, आपोआप गिअर, सगळं जिभेवर होतं. पण पाय गेला, हे दोन शब्द माझ्यासमोर तोपर्यंत कुणी उच्चारले नव्हते. बायकोनं नाही, मी तर नाहीच.

"हाव चाचा," मी म्हणालो. "पाय गेला म्हणून काढला."

गाडीबद्दल हे धादांत खोटं होतं.

"मंग बरं केलं," चाचा म्हणाले, आणि बॅटरी कुठं मिळते ते बघायला निघून गेले. बऱ्याच वेळानं रस्त्यानं एक जीप आली, तिच्या बॅटरीला वायरी जोडून गाडी सुरू केली. मी निघालो. कुणी मागं पाहिलं नाही, मीही नाही.

घरी पोचलो तेव्हा बायको ओसरीवर तांदूळ निवडत होती. उशीर का झाला, असं तिनं विचारलं. मी गाडीतूनच सांगितलं, की बॅटरी उतरली होती. आता एक जास्तीची बॅटरी घेऊन डिकीत ठेवू. आणि जुनी गाडी विकून टाकू, मला ती आता चालवता यायची नाही.

इतके दिवस तिला हेच हवं होतं, त्यामुळे मला वाटलं ती खूश होईल. ती सूप तसंच टाकून आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही, म्हणून मी काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. ती भिंतीकडे तोंड करून रडत होती. तेव्हा मला कळलं, की दिवाळीपर्यंत, संक्रांतीपर्यंत पाय बरा होईल, हे तिलाही खरंच वाटत होतं.