क्रूसापाशी अडलेली गोष्ट

दानियल सरांना गोष्ट सांगायला पळू न शकणारा माणूस लागे. कळंबच्या बाजारात न्हाव्याच्या खुर्चीत कुणी तोंडाला फेस लावून बसला, की सर शेजारच्या बाकावर टेकून येशूची गोष्ट सुरू करत. गळ्यावर वस्तरा असलेला माणूस हूं की चूं करत नाही. सर त्याला भक्तिभाव समजत.

आमच्या गावच्या शाळेत ते इंग्रजी शिकवत. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि तो सरांच्या छडीमुळे झालो. हे उपकार फिटणारे नाहीत. पण खरं ते सांगायला हवं. इतक्या वर्षांत गावातला एकही माणूस त्यांच्यामुळे चर्चची पायरी चढला नाही. "पायरी राहू द्या," सर म्हणत, "एकानं तरी गोष्ट शेवटपर्यंत ऐका. तुम्ही सगळे मला क्रूसापाशी सोडून पळता. तिथं संपत नाही हो ती!"

म्हणून त्यांनी येळवस हेरली. नाताळाच्या आसपास येणाऱ्या या अमावास्येला अख्खं गाव शेतात जेवतं आणि बांधावरून जाणाऱ्यालाही हाक मारून पंगतीला बसवतं. पाहुण्याचं यजमानाला ऐकावंच लागतं, असा सरांचा होरा. पाहुण्यालाही यजमानाचं खावंच लागतं, हे त्यांनी धरलंच नव्हतं.

येशूला धरायला शिपाई आले, की माझे वडील, आबा, डाळी-पालेभाज्या घोटून केलेल्या भज्जीचं पातेलं उचलत.

"सर, भज्जी घ्या."

"आबा, त्याला बांधून नेलं..."

"नेऊ द्या हो. आंबील घ्या, लई गार हाय."

क्रूस उभा राहीपर्यंत सरांचं पोट तट्ट फुगलेलं असे. कडबा रचून केलेल्या कोपीत ते घोरू लागले, की आबा म्हणत, "निजला बघा उपदेश!" आणि कीर्तनात पहिल्या अभंगालाच डुलक्या काढणारं आमचं गाव पोट धरून हसे.

मागच्या वर्षी येळवशीच्या तोंडावर सरांच्या पत्नी, आमच्या बाई, गेल्या. सर घराबाहेर येईनात, धड जेवीनात. आबांनी त्यांना जवळजवळ ओढतच शेतात आणलं. सरांनी पुढ्यातली पत्रावळ बाजूला सारली.

"सांगा की गोष्ट," आबा म्हणाले. "आज मधी वाढत न्हाय."

सरांनी नकारार्थी मान हलवली.

"मग म्या सांगतो. खिळं ठोकलं, पुरलं, तिसऱ्या दिवशी उठला. व्हय का न्हाय?"

सरांनी मान वर केली. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की दरसाली. हात वाढत व्हता, कान कुठं झाकलं व्हतं? मेलेली समदी एक दिस उठणार म्हणता, मग बाई काय उठायच्या न्हाईत? असं मेल्यावानी का बसलाव?"

सरांचा चेहरा आकसला. मला वाटलं, आता रडतील. पण आतला मास्तर आधी जागा झाला.

"आबा, अर्धंमुर्धं सांगू नका. तो उठल्याची खबर आधी बायांना मिळाली. रडत थडग्याकडं गेल्या होत्या त्या. त्यांना गाळून कसं चालेल?"

आणि त्यांनी त्या पहाटेपासून गोष्ट सांगायला घेतली. मधेच थांबत, उपरण्यानं डोळे पुसत. भज्जी निवली, पण वाढायला कुणी उठलं नाही. आबा काही ख्रिस्ती झाले नाहीत. संध्याकाळी नेहमीसारखे मारुतीला गेले. पण त्या दुपारी गोष्ट संपेपर्यंत मांडी घातलेले जागचे हलले नाहीत.

शेवटी सरांनी पत्रावळ पुढं ओढली.

"वाढा आता," ते म्हणाले, "भूक लागली."